टेबलाखालची रेल्वे

प्रोग्रामिंग शिकायला लागलं की पहिल्या आठवड्यातच 'फू' भेटतो. व्हेरिएबलला नाव सुचत नाहीये? फू. फंक्शनचं उदाहरण द्यायचंय? फू. दुसरं हवंय? बार. आपल्या 'अमुक-तमुक'चं हे संगणकी भावंड. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मी आमच्या एका सरांना विचारलं होतं की हा शब्द आला कुठून, तेव्हा उत्तर मिळालं होतं, "हे परीक्षेला येत नाही." ते खरंच होतं म्हणा.

हा शब्द पहिल्यांदा निघाला १९३०च्या दशकातल्या 'स्मोकी स्टोव्हर' नावाच्या एका अमेरिकन कॉमिक स्ट्रिपमधून. तिथे तो असाच कुठेही, काहीही अर्थ नसताना लिहिलेला असायचा. पण कॉमिकमधून तो संगणकवाल्यांच्या तोंडी बसला त्याच्या वाटेत एक खेळण्यातली आगगाडी लागते. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत विद्यार्थ्यांचा एक क्लब होता, टेक मॉडेल रेलरोड क्लब, टीएमआरसी. एका भल्यामोठ्या टेबलावर त्यांनी छोट्या रेल्वेचं जाळं उभारलं होतं. खोलीत जागोजागी आणीबाणीची बटणं होती. एखादी गाडी भलतीकडे सुसाट निघाली, आता आपटणारच असं दिसलं, की जो जवळ असेल त्याने बटण दाबायचं. सगळ्या गाड्या जागच्या जागी थांबायच्या, भिंतीवरच्या बोर्डातलं घड्याळही थांबायचं, आणि वेळेच्या आकड्यांच्या जागी तीन अक्षरं उमटायची : फू.

म्हणजे आज आपण ज्याला एरर मेसेज म्हणतो, त्याचा एक पणजोबा रुळांवरून घसरू पाहणाऱ्या वीतभर लांबीच्या इंजिनासाठी जन्माला आला होता.

मला हा क्लब गेली दोन-तीन वर्षं झपाटून आहे. एक कारण असं की मी स्वतः या छंदातला आहे. पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये, दिवाणाखाली सरकेल एवढ्या प्लायवूडच्या फळीवर माझीही एक रेल्वे आहे. दुसरं कारण असं की मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो, आणि या दोन गोष्टी एकाच खोलीतून निघाल्यात हे कळल्यावर मला माझ्याच धंद्याकडे जरा वेगळं बघावंसं वाटायला लागलं.

*

ती खोली होती इमारत क्रमांक २० मध्ये. एमआयटीत इमारतींना नावांपेक्षा नंबरांनीच ओळखतात. ही १९४३ साली, ऐन महायुद्धात, घाईघाईने उभी केलेली लाकडी इमारत. आत रडारवर संशोधन चालायचं. युद्ध संपलं की पाडून टाकायची असं ठरलेलं होतं. ती पाडली १९९८ मध्ये. 'तात्पुरती' या शब्दाचा अर्थ सगळ्या देशांत सारखाच असतो, हे वाचून मला बरं वाटलं.

पण तात्पुरती असल्यामुळेच ती कामाची ठरली. संगमरवरी इमारतीत भिंतीला खिळा ठोकायचा तर अर्ज करावा लागतो. इथे भिंत नकोशी वाटली तर लोक ती पाडायचे, वायर न्यायची तर जमिनीला सरळ भोक पाडायचे. कुणाला त्या इमारतीचं कौतुक नव्हतं, त्यामुळे कुणी ओरडत नव्हतं. ज्यांना दुसरीकडे कुठे जागा मिळत नसे अशी माणसं आणि असे विषय तिथे येऊन पडत. नोम चॉम्स्कीचं भाषाशास्त्र तिथलं. ज्यांच्या नावाचे स्पीकर आपण घेऊ की नको असा विचार वर्षभर करतो, ते अमर बोसही तिथलेच. आणि १९४८ सालाच्या सुमारापासून पुढे, इ-विंगमधल्या खोली क्रमांक २१४ मध्ये, रेल्वेवेडी पोरं.

त्यांची रेल्वे होती एचओ स्केलची, म्हणजे खऱ्याच्या १/८७. खरी स्टँडर्ड गेज १,४३५ मिलिमीटरची, तर हिचे रूळ एकमेकांपासून १६.५ मिलिमीटरवर. (आपली ब्रॉडगेज १,६७६ची. ती याच मापाने काढली तर १९ मिलिमीटरच्या वर जाते. बाजारात मिळणारे रूळ मात्र १६.५चे. त्यामुळे आपल्याकडचे बहुतेक हौशी लोक 'डेक्कन क्वीन'ला निमूटपणे अरुंद रुळांवर चालवतात आणि त्याबद्दल बोलत नाहीत.) या मापात एक किलोमीटर म्हणजे साडेअकरा मीटर.

क्लबमध्ये दोन जाती होत्या. एक वरची, एक खालची, आणि हे मी टेबलाच्या संदर्भात म्हणतोय. वरच्यांचं काम डब्यांची मॉडेलं जोडायची, ती रंगवायची, प्लास्टरचे डोंगर करायचे, झाडं लावायची, ऐतिहासिक इंजिनांची मासिकं मागवायची, बंद पडत आलेल्या जुन्या रेल्वेमार्गांवर सहली काढायच्या. खालच्यांना यातलं काही नको होतं. त्यांचा जीव टेबलाखालच्या वायरींमध्ये. क्लबच्या कागदपत्रांत त्यांच्या गटाचं नाव 'सिग्नल्स अँड पॉवर' उपसमिती असं भारदस्त होतं. वर गाडी नुसती फिरतेय की धावतेय याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं. ती कुणाच्या हुकमाने थांबते आणि कुणाच्या हुकमाने निघते, हा त्यांचा प्रश्न.

आणि तो प्रश्न दिसतो तितका साधा नाही. त्या काळच्या छोट्या इंजिनाला वीज रुळांतूनच मिळायची. एक रूळ धन, एक रूळ ऋण, मध्ये मोटर. आता एकाच रुळावर दोन गाड्या ठेवा. नॉब फिरवला की दोन्ही धावणार, बंद केला की दोन्ही थांबणार. एकीला मुंबईला पाठवायचंय आणि दुसरीला कर्जतला थांबवायचंय, हे होणारच नाही. उपाय असा की मार्गाचे तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्याला, म्हणजे ब्लॉकला, वेगळी वीज. आणि गाडी एका ब्लॉकमधून दुसऱ्यात गेली की तिच्या चालकाचा नॉबही तिच्यामागोमाग त्या ब्लॉकला जोडला गेला पाहिजे. पाच चालक, पाच गाड्या आणि कितीतरी ब्लॉक असले की हे हाताने बटणं दाबून करणं म्हणजे एकाच वेळी पाच जणांशी कॅरम खेळणं.

थोडं थांबून विचार केला तर लक्षात येतं की हा प्रश्न टेलिफोन कंपनीने आधीच सोडवलेला होता. शेकडो माणसं, शेकडो तारा, ज्याला जो हवा त्याच्याशी तो जोडून द्यायचा. क्लबचं नशीब असं की त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापकच कॅम्पसच्या टेलिफोन यंत्रणेचे प्रमुख होते, आणि वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनी जुनं सामान महाविद्यालयांना भेट म्हणून देत असे. त्यामुळे टेबलाखाली टेलिफोन एक्स्चेंजचे रिले आणि स्विच येऊन पडले. वर चालकांच्या हातात आल्या टेलिफोनच्या गोल डायल. आपल्याला हव्या त्या ब्लॉकचा नंबर फिरवायचा, की तो ब्लॉक आपल्या ताब्यात. गाडीला फोन लावायचा म्हणा ना.

रिले म्हणजे विजेवर चालणारं बटण. तारेच्या गुंडाळीतून करंट गेला की तिचं लोहचुंबक होतं, ते एक लोखंडी पट्टी ओढून घेतं, आणि पट्टी दुसरं सर्किट जोडते किंवा तोडते. 'टक' असा आवाज येतो. एका रिलेमागे दुसरा रिले लावला की 'हेही खरं असेल आणि तेही खरं असेल तरच' असा अर्थ तयार होतो. शेजारी-शेजारी लावले की 'हे किंवा ते'. पुढचा सांधा डावीकडे वळलेला असेल आणि पलीकडचा ब्लॉक मोकळा असेल, तरच सिग्नल हिरवा. हे वाक्य मी कोडमध्ये रोज लिहितो, फक्त त्यात सांधा नसतो, युजरचं लॉगिन असतं. रिलेंची ही जोडणी म्हणजे शुद्ध तर्कशास्त्र आहे हे क्लॉड शॅनन याने १९३७ साली आपल्या मास्टर्सच्या प्रबंधात दाखवून दिलं होतं, आणि तेही एमआयटीतच. क्लबमधल्या पोरांनी तो प्रबंध वाचला असो-नसो, हाताला तो लागलाच होता.

या टेबलाखालच्या जंजाळाला ते 'द सिस्टिम' म्हणत. ती कधी पूर्ण होत नसे. कुणीतरी रात्री काही सुधारणा करे, सकाळी दुसरा येऊन ती बघे, नाक मुरडे, अर्धी उपटून आपली लावे. 'चांगलं काम' कशाला म्हणायचं याचा हळूहळू एक निकष तयार झाला. कमी रिलेंत जास्त काम, आणि ते बघून पुढच्याच्या तोंडून 'अरे वा' निघालं पाहिजे. अशा चलाख कामाला त्यांचा शब्द होता 'हॅक'.

पीटर सॅमसन नावाच्या सदस्याने १९५९ साली क्लबमधल्या बोलीचा एक छोटा शब्दकोश टंकून काढला. त्यात 'फू' आहे, साचलेल्या घाणीसाठी 'क्रफ्ट' आहे, आणि 'हॅक' आहे. त्याने दिलेल्या अर्थाचा रोख असा की ज्यातून काही उपयोगाचं निघणार नाही, जे शहाण्या माणसाने अंगावर घेऊ नये, ते काम म्हणजे हॅक. चोरी, पासवर्ड, बँक खातं, यातलं काहीही नाही. आज आपल्या पेपरांत 'वेबसाइट हॅक' अशी बातमी येते तेव्हा मला त्या बिचाऱ्या शब्दाची कीव येते. 'लाइफ हॅक'वाल्यांच्या हातून तर त्याचे जे हाल झालेत ते विचारूच नका.

*

आता संगणक.

१९५०च्या दशकाच्या शेवटी एमआयटीत आयबीएम ७०४ नावाचं धूड होतं. कार्डांना भोकं पाडून प्रोग्राम लिहायचा, कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यायचा, उत्तर उद्या. आत जायची परवानगी फक्त नेमलेल्या माणसांना. देव आत, बडवे दारात, आणि आपण नारळ घेऊन रांगेत. एखादा स्वल्पविराम चुकला की नारळ परत.

टेबलाखालच्या पोरांना हे सहन होणं शक्यच नव्हतं. ज्यांना सगळी यंत्रं उघडून बघायची सवय, त्यांना सर्वांत मोठ्या यंत्राला हात लावायची बंदी.

१९५८ मध्ये दुसरं एक यंत्र आलं, टीएक्स-झिरो. ते लष्करी संशोधन करणाऱ्या लिंकन लॅबोरेटरीत तयार झालेलं, ट्रान्झिस्टरवर चालणारं, आणि आता एमआयटीला वापरायला दिलेलं. मोठी मेमरी काढून घेऊन पाठवल्यामुळे त्यात उरले होते १८ बिटांचे ४,०९६ शब्द. हिशेब करून बघा, नऊ किलोबाइट होतात. माझ्या फोनवरचा 'गुड मॉर्निंग'चा गुलाबाचा फोटो त्यात मावणार नाही. पण त्याला पडदा होता, टाइपरायटर होता, आणि मुख्य म्हणजे त्याच्यापुढे खुर्ची होती. आपण बसायचं, टाइप करायचं, ते उत्तर द्यायचं. आत्ता.

जॅक डेनिस हा क्लबचा जुना सदस्य तेव्हा एमआयटीत शिकवायला लागला होता. त्याने क्लबच्या पोरांना विचारलं, बघायचंय का? सॅमसन, अॅलन कोटॉक, बॉब साँडर्स आणि आणखी काही जण तिथे गेले आणि तिथेच राहिले असं म्हटलं तरी चालेल. दिवसा प्राध्यापकांची कामं असत, म्हणून ही मंडळी रात्री जात. पहाटे तीनची वेळ कुणीतरी नोंदवलेली असे आणि तो आला नाही की मागे टपून बसलेले दोघे लगेच खुर्चीत.

तिथे त्यांनी जे केलं ते अगदी टेबलाखालच्यासारखंच केलं. उपयोग काय, हा प्रश्न बाजूला ठेवून. सॅमसनने यंत्राच्या एका बिटाला जोडलेल्या स्पीकरमधून बाखचं संगीत वाजवलं. एक स्वर, बेसूर म्हणावा असा आवाज, पण संगीत. प्रोग्राममधल्या चुका शोधण्यासाठी एक प्रोग्राम तयार झाला त्याचं नाव 'फ्लिट'. आपल्या आजोबांच्या काळात ढेकूण-डास मारायला पिचकारीतून जे औषध मारायचे, ते फ्लिट. बग मारायला फ्लिट. पुढे पीडीपी-१ या संगणकासाठी त्याचीच सुधारित आवृत्ती आली, तिचं नाव अर्थातच 'डीडीटी'.

आणि लिहिलेल्या प्रोग्रामचं काय व्हायचं? कागदी टेपवर पाडून यंत्राजवळच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचा. कुणीही यावं, टेप काढावी, चालवून बघावी, सुधारावी, परत ठेवावी. कुलूप नाही, परवाना नाही, सही नाही. स्टीव्हन लेव्हीने १९८४ साली 'हॅकर्स' हे पुस्तक लिहिलं, त्यात या ड्रॉवरवाल्या पद्धतीला त्याने फार महत्त्व दिलंय. ओपन सोर्सची गंगोत्री वगैरे. मला ते पटतं, पण माझ्या मते गंगोत्री आणखी थोडी वर आहे. ड्रॉवरच्या आधी टेबल होतं. ज्या माणसाने चार वर्षं एका सामायिक रेल्वेवर काम केलंय, जिच्यात आपण लावलेला रिले उद्या दुसरा उपटणार हे त्याला माहीत आहे, त्याला प्रोग्राम 'माझा' म्हणून कुलपात ठेवायचं सुचणारच नाही. सवय आधी लागली, तत्त्वज्ञान मागाहून आलं.

ही सवय मी रोज बघतो. आमचा छोट्या रेल्वेवाल्यांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. त्यावर पूर्ण झालेल्या रेल्वेचा फोटो मी आजवर पाहिलेला नाही, कारण कुणाचीच पूर्ण होत नाही. फोटो येतात ते अर्धवट घाटाचे, थर्माकोल दिसतंय अशा बोगद्याचे, नुसत्या वायरींचे. खाली लगेच विचारपूस. खडीला कुठला गोंद वापरला? सांध्याची मोटर गरम होतेय का? तुझा चढ फार उभा आहे रे, पाच डबे ओढणार नाही. एका काकांनी गेल्या पावसाळ्यात माझ्या अर्डुइनोच्या कोडमधली डोकेदुखी त्यांच्या गावाहून सोडवून दिली. ते बँकेतून निवृत्त झालेत आणि कोड लिहायला साठीनंतर शिकलेत. याउलट लिंक्डइनवर बघा. तिथे प्रत्येकाचं सगळं पूर्ण झालेलं असतं.

*

१९६१ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीने एमआयटीला आपला नवाकोरा पीडीपी-१ भेट दिला. किंमत साधारण १,२०,००० डॉलर. या यंत्राचं सामर्थ्य दाखवायला काय करावं, यावर क्लबच्या गोतावळ्यातल्या काही जणांनी ठरवलं की अंतराळातल्या लढाईचा खेळ करायचा. दोन यानं, मध्ये एक तारा, एकमेकांवर गोळ्या झाडायच्या. लिहायचं स्टीव्ह रसेलने. आणि स्टीव्ह रसेलने ते केलं जे आपण सगळेच करतो. उद्या करतो म्हणाला. साइन-कोसाइन काढणारा प्रोग्राम माझ्याकडे नाही, तो कुठून आणू, असं कारणही त्याने दिलं. कोटॉक गाडी काढून थेट कंपनीत गेला, ती टेप घेऊन आला आणि रसेलपुढे ठेवली. आता बोल.

१९६२च्या सुरुवातीला 'स्पेसवॉर' पडद्यावर आला. त्यानंतरचा भाग मला सर्वांत आवडतो, कारण तो हुबेहूब टेबलावरच्या रेल्वेसारखा आहे. मागचे तारे कसेतरी ठिपके टाकून केलेले सॅमसनला बघवेनात. त्याने खऱ्या आकाशाच्या नकाशावरून तारे बसवले. डॅन एडवर्ड्सने मधल्या ताऱ्याला गुरुत्वाकर्षण दिलं. मार्टिन ग्रेट्झने संकटात सापडलेल्या यानाला अचानक गायब होऊन भलतीकडे उगवायची सोय केली. एकाने डोंगर केला, दुसऱ्याने झाडं लावली, तिसऱ्याने सिग्नल बसवला.

संगणकाच्या पुढच्या फळीवरची बटणं दाबून खेळताना कोपरं दुखायची. तेव्हा कोटॉक आणि साँडर्स उठले, रेल्वे क्लबच्या खोलीत गेले, आणि तिथल्या भंगारातले लाकडाचे तुकडे, स्विच आणि वायरी जोडून हातात धरायचे दोन खोके करून आणले. आज ज्याला आपण गेमपॅड म्हणतो, तो गाडी वळवायच्या सामानातून झाला. या खेळाचे कुणी पैसे घेतले नाहीत. टेप एका विद्यापीठातून दुसऱ्यात गेल्या. यंत्र नीट चालतंय का हे तपासायला खुद्द डिजिटल कंपनीच तो वापरायला लागली.

इथपर्यंतची गोष्ट गोड आहे, आणि ती सांगणारे बहुतेक जण इथेच थांबतात. मला थांबवत नाही.

खोली क्रमांक २१४ची किल्ली कशी मिळायची? लेव्ही सांगतो, रेल्वेवर ४० तास काम करा, की किल्ली तुमची. मार्क विचारत नाहीत, वडील काय करतात विचारत नाहीत. ४० तास. किती न्याय्य वाटतं! मग त्याच पुस्तकात एमआयटीवरचे भाग वाचताना लक्षात येतं की सगळी मुख्य पात्रं पुरुष आहेत. एक बाई येते ती तक्रार करायला. त्या मंडळींपैकी काहींनी एका रात्री पीडीपी-१ उघडून त्याच्या आतल्या जोडणीतच बदल केला. त्यांच्या दृष्टीने झकास हॅक. सकाळी मार्गारेट हॅमिल्टन ही प्रोग्रामर हवामानाच्या अभ्यासाचा आपला प्रोग्राम चालवायला आली, तर तो चालेना. कालपर्यंत चालत होता. तिने एडवर्ड लोरेन्झसारख्या हवामानशास्त्रज्ञाबरोबर काम केलेलं होतं, आणि पुढे चंद्रावर माणूस नेणाऱ्या अपोलो यानांचं सॉफ्टवेअर जिच्या नेतृत्वाखाली लिहिलं गेलं ती हीच. पुस्तकात मात्र ती रंगाचा बेरंग करणारी दिवसपाळीची बाई म्हणून येते. मी ऑफिसात ऑन-कॉल असतो तेव्हा मी हॅमिल्टनच्या बाजूचा असतो. कुणीतरी रात्री न सांगता काहीतरी 'सुधारलेलं' असतं आणि पहाटे फोन माझा वाजतो.

पण खरी गोष्ट वेळेची आहे. हे सगळं घडलं रात्री. यंत्र रात्री मोकळं असायचं, क्लब रात्री जागायचा. आणि १९६३ मध्ये मॅककॉर्मिक हॉल उघडेपर्यंत एमआयटीच्या कॅम्पसवर मुलींसाठी वसतिगृहच नव्हतं. ज्या मोजक्या मुली शिकत होत्या, त्यांच्यातल्या वसतिगृहात राहणाऱ्या नदीपलीकडे बॉस्टनमध्ये राहायच्या. पहाटे तीनला कुणी आपली पाळी चुकवली तर टपून बसायचं कुणी? ४० तासांची अट सगळ्यांना सारखी होती. तास सारखे नव्हते.

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मुलींच्या होस्टेलचं फाटक साडेनऊला बंद व्हायचं. मुलांचं होतं, पण त्याला कुणी विचारत नसे. रोबोटिक्सची लॅब रात्रभर उघडी असायची. आमच्या टीममधली एक मैत्रीण आम्हा सगळ्यांपेक्षा चांगलं सर्किट जोडायची. नऊ वाजले की ती मल्टिमीटर खाली ठेवायची आणि उद्या काय करायचं ते कागदावर लिहून जायची. सकाळी ती येईपर्यंत आम्ही त्यातलं अर्धं बदललेलं असायचं. अंतिम स्पर्धेत बक्षीस घ्यायला स्टेजवर चढलो ते रात्री जागणारे. 'झपाटलेपण' हा गुण आपण फार सहज वाटतो, आणि तो बहुतेक वेळा ज्याच्या फाटकाला कुलूप नाही त्याच्याच पदरात पडतो.

*

कोटॉक पुढे डिजिटल कंपनीत गेला आणि पीडीपी-१० या गाजलेल्या संगणकाचा मुख्य रचनाकार झाला. नंतर वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेत त्याने काम केलं. तो २००६ मध्ये गेला. सॅमसनने कॅलिफोर्नियातल्या संगणक-संग्रहालयात जुना पीडीपी-१ दुरुस्त करणाऱ्या गटात काम केलं, आणि विद्यार्थी असताना पाडलेल्या टेपांवरचं संगीत त्या यंत्रावर पुन्हा वाजवलं. इंटरनेटवर त्याचे व्हिडिओ आहेत. आवाज अजून बेसूरच आहे.

छोट्या रेल्वेचंही तंत्र बदललं. आता प्रत्येक इंजिनात एक चिप असते, तिला नंबर असतो, रुळांत वीज कायम वाहत असते आणि तिच्यातूनच 'अमुक नंबरच्या गाडी, थांब' असा निरोप जातो. ब्लॉक नकोत, डायल नकोत. ज्या प्रश्नापायी टेबलाखाली एवढं रामायण घडलं, तो आता विकत मिळणाऱ्या डबीत सुटतो. मी माझ्या फळीवर अजून रिले लावतो. ते 'टक' वाजतात म्हणून.

१९९८ साली इमारत क्रमांक २० पाडली, त्याच वर्षी इकडे पुण्यात, कोथरूडला, भाऊ जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय सुरू झालं. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. मी लहानपणी ते पाहिलंय. दिवे मालवले जातात, एवढ्याशा डब्यांच्या खिडक्या उजळतात, आणि सगळी पोरं काचेला नाक लावतात. आमच्याबरोबर आलेल्या मावशीने बाहेर पडताना विचारलं होतं, "हे सगळं एका माणसाने कशासाठी केलं असेल गं?" आई म्हणाली, "आवड." मावशीला ते कारण पुरेसं वाटलं नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. माझ्या फळीकडे बघून माझ्या घरमालकांच्या चेहऱ्यावरही तेच दिसतं.

टीएमआरसीला लाकडी इमारत सोडावी लागली तेव्हा जुनी रेल्वे उचलून नेणं शक्य नव्हतं. पन्नास वर्षांच्या वायरी होत्या त्या. ती मोडली आणि नव्या जागेत पहिल्या फळीपासून पुन्हा सुरुवात झाली. इमारत २० जिथे होती तिथे आता फ्रँक गेरीने रेखाटलेली वाकडीतिकडी स्टाटा सेंटर उभी आहे, आणि तिच्यात एमआयटीची संगणकशास्त्राची प्रयोगशाळा आहे.

नव्या रेल्वेवर क्लबच्या पोरांनी एमआयटीच्याच ग्रीन बिल्डिंगची प्रतिकृती बसवली. खिडक्यांच्या आत दिवे, आणि त्या दिव्यांवर टेट्रिस खेळता येतो. २०१२च्या एप्रिलमध्ये काही विद्यार्थ्यांनी हाच खेळ खऱ्या ग्रीन बिल्डिंगवर मांडला. रुंदीला नऊ, उंचीला सतरा, अशा १५३ खिडक्यांत रंगीत दिवे लावले आणि समोरच्या मैदानात उभं राहून खेळले. हरलं की सगळे ठोकळे खाली कोसळायचे.